डाव्या हाताची दोन बोटं

मासळीवाल्याच्या दुकानात त्या शुक्रवारी सगळ्यांत पुढे उभा असलेला माणूस मासे घेत नव्हता. तो बर्फात बोटं खुपसत होता.

झेल्मा टॉलिव्हर रांगेत त्याच्यामागे चौथी होती. बाहेर हेस्टिंग्ज स्ट्रीटवर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असं काहीतरी ओलंगार पडत होतं. तिचे बूट आतून भिजले होते, घरी मावशी पर्च मासे तळायला तेल तापवून बसली होती, आणि हा मनुष्य पुढे सरकायला तयार नव्हता. चिडून तिनं वाकून पाहिलं... आणि पाहतच राहिली. लांबसडक, सावळा, देखणा डावा हात. त्यानं अंगठा बर्फात बुडवला, लगेच काढला. तर्जनी बुडवली, लगेच काढली. मधलं बोटही तसंच. मग उरलेली दोन – करंगळी आणि तिच्या शेजारचं – त्यानं एकदमच आत खुपसली, आणि ती काही बाहेर येईनात. झेल्मानं मनात आकडे मोजले. वीस झाले, तीस झाले. इतका वेळ बर्फ कोण सोसेल? त्याच्या चेहऱ्यावर कळ आल्याची खूणसुद्धा नव्हती. कोणाच्या तरी घराची कडी वाजवून आतून 'ओ' यायची वाट बघत उभं राहावं, तसा तो उभा होता.

"ओ साहेब!" मासळीवाला ओरडला. "पर्च घ्यायचा तर घ्या, नाहीतर हात काढा. हात नाही ठेवलेत मी विकायला!"

रांग खो खो हसली. तो दचकून वळला, आणि झेल्मानं त्याला ओळखलं.

हॉलिस प्रूइट! दर रविवारी दुपारी 'स्पॅरो' क्लबात पियानो वाजवणारा. आजवर तिनं त्याला एका बाजूनंच पाहिलं होतं, पियानोवर वाकलेला. समोरून तो जरा जास्तच देखणा निघाला, आणि हे काही तिच्या सोयीचं नव्हतं, कारण तिची जीभ टाळ्याला चिकटली. पण संधी सोडेल ती झेल्मा कसली!

"मिस्टर प्रूइट? मी झेल्मा टॉलिव्हर... साप्ताहिकात लिहिते—"

"ते तुम्ही लिहिलंत?"

"हो!" ती फुलून आली. कौतुक ऐकायला माणूस जसा मान थोडी तिरपी करतो, तशी तिनं केलीसुद्धा.

त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. "बाई," तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही माझी वाट लावलीत."

आणि मासे न घेताच तो बाहेरच्या चिखलात निघून गेला. झेल्मा त्याच्यामागे रस्त्यापर्यंत आली, पण तो थांबला नाही.

झेल्मानं त्या रात्री पर्चला हात लावला नाही. मावशीनं, म्हणजे फ्लोसीमावशीनं, "ताप आला का गं?" म्हणून कपाळ चाचपून पाहिलं. ताप नव्हता, भीती होती. आपल्या लिहिण्यानं कोणाचं वाईट होऊ शकतं, हे तिच्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. ती मुळात टंकलेखिका. वस्तीच्या साप्ताहिकात नेहमी संगीतावर लिहिणारे गृहस्थ शिकागोला निघून गेले, तेव्हा संपादक मिस्टर ग्रँडिसन म्हणाले, "तुम्ही रोज क्लबात जाता, मग लिहा." तिनं सदर काढलं, 'सूर कसा सुचतो'. वादकांपुढे वही घेऊन बसायचं, आणि मनातली गोष्ट ओठांवर येईपर्यंत उठायचं नाही. लोक काय काय सांगायचे! एका ट्रंपेटवाल्याला गाणी फक्त दाढी करताना सुचत, त्यामुळे तो दोनदा दाढी करायचा. एक गाणारी बाई इस्त्री करताना आधी नुसते शब्द म्हणायची, चाल नाही. कपडे संपेपर्यंत शब्द अंगवळणी पडले पाहिजेत, मगच ती सुराला हात लावायची.

हॉलिसशी मात्र ती बोललीच नव्हती. लांबून ऐकलं, भारावली, आणि लिहून मोकळी झाली. 'न वाजवलेल्या सुरांचा माणूस' असा मथळा दिला. हा वादक मध्येच डावा हात उचलतो, सूर येणार येणार म्हणताना येत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. हे मौन खोल विचारातून आलं आहे, वगैरे वगैरे. लेख गाजला. इतका गाजला, की वस्तीतली सगळी तरणी पियानोवाली मंडळी पट्ट्यांवरून हात उचलायला लागली. एका दुपारी तर तिघांनी मिळून इतकं मौन वाजवलं, की बारवाल्याला वीज गेल्यासारखं वाटलं.

यात वाट लागण्यासारखं काय होतं?

रविवारी चर्च सुटल्यावर डीकन यॅन्सी मावशीकडे केक खायला आले. ते हॉलिसचे ड्रमवाले. चर्चमध्ये डीकन, म्हणजे मानाचे सेवेकरी, असल्यामुळे क्लबातही सगळे त्यांना डीकनच म्हणत, आणि या दोन ठिकाणांत काही फरक आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांच्यामागे टोपी हातात धरून, खाली मान घालून हॉलिस उभा.

"याला माफी मागायचीय," डीकन म्हणाले. "फ्लोसीबाई, आपण स्वयंपाकघरात बसू. माफी ऐकताना मला भूक लागते."

पुढच्या खोलीत दोघंच उरली. मध्ये मावशीचा जुना पियानो.

"मासळीच्या दुकानात बाईमाणसाशी असं बोलायला नको होतं मी," हॉलिस म्हणाला.

"आणि दुकानाबाहेर चालतं?"

"बाहेर तर मुळीच नाही. बाहेर तुमच्या टोपीवर बर्फ पडलेला असतो, आणि... बोलायचं राहूनच जातं."

"म्हणजे तुम्ही वळून पाहिलंत!"

"एकदाच."

"एकदाच?"

"...कोपऱ्यावरून आणखी एकदा."

झेल्मा हसली, तिच्या गालाला खळी पडली, आणि हॉलिसनं घाईनं पियानोकडे पाहिलं. खळी पाहून पियानोकडे पाहणारा पुरुष फार दिवस दूर राहत नाही, असं मावशीचं मत होतं. मावशी दाराच्या फटीतून बघत होती.

"मी चुकीचं काय लिहिलं, ते तरी सांगा."

"ते सोडून काहीही विचारा," तो म्हणाला. "रोज या घरी येतो, रोज उत्तर देतो. पण त्या रिकाम्या जागांबद्दल एक अक्षर विचारायचं नाही."

सौदा ठरला. हॉलिस मोटारींच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला होता, पत्रा ठोकून दारं घडवायच्या यंत्रावर. पाळी सुटली की तेलाचा वास घेऊन यायचा, मावशीच्या हातची कॉफी प्यायचा, आणि झेल्मा वही उघडायची.

"सूर कसा सुचतो, मिस्टर प्रूइट?"

"यंत्रावर. ते धाड... धाड असं एकाच चालीत पडत असतं. दिवसभर त्याच्याशी भांडायचं, दुसरं काय! ते सरळ जातं, मी मनात तिरका जातो. कुठेतरी मध्येच दोघं एका ठोक्यावर भेटतो. तिथे गाणं असतं."

"आणि भेट झालीच नाही तर?"

"मग त्या दिवशी मी नुसती दारं करतो."

ती हसत हसत लिहायची. चौथ्या दिवशी वहीची बावीस पानं भरली, 'मिस टॉलिव्हर'ची 'मिस झेल्मा' झाली, आणि तो यायच्या आधी ती आरशात दोनदा बघायला लागली. पण एक गोष्ट खटकत होती. तो डावा हातमोजा घरातही काढत नसे. काढलाच तर हात मांडीखाली ठेवून बसे, आणि मधूनच त्याची नजर तिकडे जाई. भरल्या ताटावर बसलेल्या माणसानं दाराकडे बघत राहावं, तसं काहीतरी ते होतं. त्याला कसली तरी भीती वाटत होती, आणि ती भीती आता झेल्मालाही वाटायला लागली होती.

पाचव्या दिवशी तो आईबद्दल सांगत होता. रंगात आला होता. उजव्या हातानं हवेत पट्ट्या दाबत होता, डाव्या हातात कॉफीचा कप. कप कलला. वाफाळती कॉफी त्याच्या करंगळीवरून आणि शेजारच्या बोटावरून ओघळायला लागली, मनगटापर्यंत आली... आणि तो बोलतच होता.

"—आणि आई म्हणायची, हॉलिस, हळू वाजव, शेजारी—"

"तुमचा हात!" झेल्मा किंचाळली. तिनं कप हिसकावला, जे हाती आलं ते, म्हणजे टेबलावरचं कापड, त्याच्या हाताभोवती गुंडाळलं. बोटं लालबुंद झाली होती. "भाजलं नाही तुम्हाला? कळलं नाही?"

तो हाताकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"त्या जागा मी सोडल्या नाहीत, मिस झेल्मा," तो शेवटी म्हणाला. "त्या सुटल्या."

मग त्यानं सगळं सांगितलं. यंत्रावर दिवसभर डावं कोपर लोखंडी कडेवर दाबून धरावं लागतं. ऑगस्टमध्ये आधी करंगळी झोपली. मग तिच्या शेजारचं बोट. पियानोवर ती कुठे पडतात हे त्याला कळत नसे, भलतीच पट्टी दाबली जाई. "चुकीचा सूर लावण्यापेक्षा हात उचललेला बरा, म्हणून उचलत होतो. तुम्ही त्याला मौन म्हणालात." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "आता न्यूयॉर्कहून क्लाइड बीमन येतोय. स्वतःचा बँड आहे त्याचा, देशभर फिरतो. तुमचा लेख कोणीतरी त्याला पाठवला. पुढच्या महिन्यात 'स्पॅरो'त येऊन मला ऐकणार, आवडलो तर घेऊन जाणार. ज्या माणसाला ऐकायला येतोय तो माणूसच नाहीये, बाई! आणि सकाळी उठलं की आता मधल्या बोटालाही मुंग्या येतात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलो नाही."

"सहा महिने?"

"गेलो नाही तोवर हा नुसता गारठा आहे." त्यानं हातमोजा चढवला. "एकदा गेलो, की त्याला नाव मिळेल."

झेल्मानं पेन्सिल खाली ठेवली. आपल्या त्या लेखातले 'खोल विचारातून' हे शब्द आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे छापाल?" त्यानं विचारलं.

"तुम्ही सांगितल्याशिवाय एक ओळही नाही."

गुरुवारी मिस्टर ग्रँडिसननी मजकूर मागितला, तेव्हा तिनं इस्त्रीवाल्या बाईचा उरलेला भाग टंकून दिला आणि मान वर न करता बसून राहिली.

पुढचे पंधरा दिवस मोठे विचित्र होते. इतकं गोड आणि इतकं भीतिदायक काही झेल्माच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. वही बाजूलाच पडली. तो यायचा, डोळे मिटून हात पुढे करायचा, आणि ती एकेक बोट चिमटीत धरायची. कोणतं धरलंय ते त्यानं ओळखायचं. सुरुवात तपासणी म्हणून झाली. पण तरण्या बाईनं तरण्या पुरुषाची बोटं रोज एकेक करून धरायची, आणि त्याला तपासणी म्हणायचं, हे फार दिवस कोणाला जमत नाही.

"कोणतं?"

"अंगठा. आणि तुम्ही आज वेगळं अत्तर लावलंय."

"बोटांचं बोला. हे?"

"तर्जनी... तुमचा हात गार आहे. माझ्यामुळे?"

"खिडकीमुळे. गप्प बसा. आता?"

तो थांबला. डोळे मिटलेलेच, ओठांवर हसू. "धरा की," तो म्हणाला. "वाट बघतोय."

झेल्मानं केव्हाचीच त्याची करंगळी घट्ट, अगदी नख रुतेल इतकी घट्ट धरली होती.

तिनं घाईघाईनं मधलं बोट धरलं, आणि तो खुशीत म्हणाला, "मधलं!" त्या क्षणी तिला कळलं, की आपण या माणसावर प्रेम करायला लागलोय. प्रेमात पडल्यावर पोटात फुलपाखरं वगैरे काही उडतात म्हणे. हिच्या पोटात गोळा आला होता.

ती डीकन यॅन्सींकडे गेली. बरोबर वही नेली, कारण वहीशिवाय तिला धीर येत नसे.

"डीकन, ड्रम वाजवताना तुम्ही आधी काय ऐकता?"

"त्याचा डावा हात," डीकन पटकन म्हणाले, आणि मग ड्रमवर फिरवायचा ब्रश हातात घेऊन त्याच्या तारा उगाच साफ करत बसले. "ऑगस्टपासून दुसरं काहीच ऐकत नाही, पोरी. तो हात जिथे उचलतो ना, तिथे मी हळूच ब्रश फिरवतो. कोणाला खड्ड्यात पडल्यासारखं वाटू नये म्हणून."

झेल्मा थक्क झाली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मग बोलला का नाहीत?"

"भ्यालो. मी बोललो असतो, तर ते खरं झालं असतं." डीकननी तिच्याकडे पाहिलं. "तुझा लेख आला तेव्हा मी देवाचे आभार मानले बघ. म्हटलं, सुटलो! आता लोकांना ती कला वाटेल. चर्चमध्ये उभं राहून मी खोट्याबद्दल आभार मानले, अगं."

तिघांनी मिळून त्याचं गुपित किती मायेनं झाकलं होतं! त्यानं हातमोज्यानं, डीकननी ब्रशनं, तिनं शब्दांनी. आणि त्या मऊ पांघरुणाखाली हात मरत चालला होता.

त्या संध्याकाळी ती स्पष्ट बोलली. "डॉक्टरकडे चला."

"बीमन येऊन गेला की जाऊ."

"तोवर मधलं बोटही गेलं तर?"

"बीमन पुन्हा येणार नाही, झेल्मा! दारं ठोकायला आयुष्य पडलंय. ही एकच—" तो उठला. "तुम्हाला काय, तुम्ही दुसऱ्या कोणावर लिहाल."

"मला दुसऱ्या कोणावर लिहायचं नाहीये!" ती ओरडली, आणि मग आवाज फुटला. "मला भीती वाटते, हॉलिस. तुम्ही दार उघडून आत येईपर्यंत वाटते, आणि तुम्ही गेल्यावर तर झोपच येत नाही. मी तुमचं वाटोळं केलं म्हणून नाही... म्हणजे, तेही आहेच. पण मुख्य म्हणजे तुम्ही मला आवडता. आता झालं समाधान?"

हॉलिस दारात थिजला. स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मावशीचा चमचा असावा.

"हे तुम्ही रागावून सांगताय," तो म्हणाला.

"मग कसं सांगू?"

तो टोपी तिथेच विसरून निघून गेला.

रविवारी 'स्पॅरो' दुपारीच खचाखच भरला. क्लाइड बीमन पुढच्या टेबलाशी बसला होता. जाडजूड, पन्नाशीचा, ट्रंपेटची पेटी पायांशी, आणि टेबलावर झेल्माच्या लेखाचं घडी घातलेलं कात्रण. डीकननी मुद्दाम झेल्माला शेजारच्याच टेबलाशी बसवलं होतं.

हॉलिस वाजवायला बसला. त्याच्या उजव्या हाताला त्या दिवशी भूत लागलं होतं. डावा हात जिथे उचलला गेला तिथे लोक माना डोलवत "आहा!" म्हणाले, आणि प्रत्येक "आहा"ला झेल्माच्या काळजात सुई टोचल्यासारखं झालं. तिला दिसत होतं, एकदा हात उचलायला त्याला उशीर झाला होता. एकदा मधलं बोटही घसरलं. डीकनचा ब्रश धावत येऊन त्या जागा झाकत होता. लोकांना काही म्हणता काही कळलं नाही. टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं.

बीमननं त्याला हाक मारून समोर बसवलं. "राजा, मला एक सांग. कुठे थांबायचं हे तू कसं ठरवतोस? आधी घरी बसून, की तिथल्या तिथे? मी तीस वर्षं वाजवतोय, मला थांबता येत नाही. शिकव की मला."

इतक्या वर्षांत इतका थेट, इतका मनापासूनचा प्रश्न हॉलिसला कोणी विचारला नव्हता. त्यानं झेल्माकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. उत्तर त्यानंच द्यायचं होतं.

"ठरवत नाही," हॉलिस म्हणाला. "माझी दोन बोटं मेलीयत, मिस्टर बीमन. तिसरं चाललंय."

डीकननी ब्रश खाली ठेवला.

बीमननं त्याचा हात ओढून घेतला, उलटा केला, करंगळी दाबली, मुडपली.

"हे बघ," त्यानं स्वतःचा वरचा ओठ बोटानं उचलून दाखवला. "हा पुढचा दात, ट्रंपेट टेकतो तोच. दोन वर्षं झाली, हलतोय. रोज सकाळी आरशात मी स्वतःआधी त्याला बघतो. बायकोलाही सांगितलं नाही." त्यानं ओठ सोडला. "पण मी तुला नेणार नाही, पोरा. खोटं कशाला बोलू? मला रोज रात्री नवं गाव असतं. मला दहा बोटं लागतात, निदान आज आहेत तेवढी उद्या असायला लागतात. जा, कोणाला तरी दाखव. आजच्या आज दाखव."

तो कात्रण टेबलावरच ठेवून निघून गेला.

झेल्मा उठून हॉलिसच्या शेजारी बसली आणि सगळ्या क्लबासमोर तिनं त्याचा हात हातात घेतला.

"गेला तो," हॉलिस म्हणाला. "न्यूयॉर्क गेलं."

"गेलं."

"तू तरी म्हण ना, की दुसरं कोणी येईल."

"मला नाही माहीत," झेल्मा म्हणाली. "उद्या सकाळी आठला मी तुझ्या दारात येतेय, एवढं माहीत आहे."

'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

डॉक्टरांनी कोपरावर नुसतं टिचकी मारल्यासारखं केलं, आणि दुखण्याला नाव मिळालं. कोपरापाशी शीर चेंगरली होती. कापून मोकळी करावी लागेल. मधलं बोट नक्की वाचेल, करंगळी बहुतेक, शेजारच्या बोटाचं सांगता येत नाही. "ऑगस्टमध्येच आला असतात तर..." असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. झेल्माला मात्र पुढे कित्येक रात्री ते ऐकू येत राहिलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हॉलिस म्हणाला, "छाप आता सगळं." तिनं सगळं छापलं. स्वतःची चूक पहिल्या ओळीत लिहिली, कॉफी, हातमोजा काहीही वगळलं नाही. त्या आठवड्यात वस्तीतल्या यच्चयावत तरण्या पियानोवाल्यांनी हात मुकाट्यानं पट्ट्यांवर परत ठेवले. दोघं तर कोपराला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरकडे गेले, आणि त्यातल्या एकाला खरोखरच येत होत्या.

हात दोन महिने गळ्यात बांधलेला. कारखान्यानं त्याला यंत्रावरून काढून दारं तपासायला बसवलं. झेल्मा रोज जायची. तो कधी चिडायचा, कधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. ती धीर देण्याच्या फंदात पडली नाही, कारण तिच्याजवळच तो नव्हता. दोघं शेजारी बसून घाबरायची, आणि एकट्यानं घाबरण्यापेक्षा ते बरंच बरं होतं.

मेच्या शेवटी एका दुपारी तो मावशीच्या पुढच्या खोलीत पियानोपाशी बसला. डीकन आणि मावशी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात. आत केक कापल्याचा आवाज येत नव्हता, यावरूनच कळत होतं की दोघं दाराला कान लावून उभी आहेत. मधलं बोट शाबूत होतं. करंगळीला महिन्याभरापूर्वी मुंग्या आल्या, मग वेदना, आणि त्या वेदनेनं तो लहान मुलासारखा नाचला होता. शेजारचं बोट मात्र तसंच राहिलं. आता ते परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सोमवारी स्पष्ट सांगितलं होतं.

झेल्मा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला बघवेना. वाजलंच नाही तर? वाजलं, पण नुसतंच वाजलं तर?

पहिला सूर आला. मग दुसरा. मग डावा हात खाली उतरला, अडखळला, पुन्हा उतरला. एक बोट वर उचलून धरून बाकीच्या चौघांनी वाट काढली. चाल जुनीच होती, रस्ता मात्र नवा. मध्येच संगीत थांबलं. एक, दोन... आणि सूर पुन्हा सुरू झाला.

"ही जागा मी सोडली बरं का," तो पियानोवरून म्हणाला. "ही खरोखर मी सोडली. लिहून घे."

ती वळली. रडत होती आणि हसत होती, आणि दोन्ही तिला आवरत नव्हतं. तो वाजवायचा थांबला, आणि डावा हात तिच्यापुढे धरून बघत राहिला.

"झेल्मा, नऊ बोटांना कामं वाटून झाली," तो म्हणाला. "हे एक रिकामं बसलंय. पियानोवर याचं काही काम उरलं नाही. तर म्हटलं... याला दुसरं काही काम देशील? अंगठी सांभाळण्याचं?"

हजार प्रश्न विचारणाऱ्या झेल्मानं या वेळी नुसतं ते बोट मुठीत धरलं.

"गळून पडली तर याला कळणारसुद्धा नाही," ती हुंदक्यातून कशीबशी म्हणाली.

"म्हणून तर कोणीतरी रोज बघायला हवं."

"रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

झेल्मा आणखीच रडायला लागली.

"अगं ए," स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला, "आधी हो म्हण, मग रड!"

झेल्मा रडत रडतच हो म्हणाली.